मदत हवी आहे: कालपर्यंतच्या सोबत्यांचा साहेब कसं व्हायचं?

मंडळी, जरा सल्ला हवाय. चाकण एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर होतो, दिवाळीनंतर शिफ्ट इनचार्ज केलंय. ज्यांच्या डब्यातलं हक्काने खायचो त्याच 14 जणांना आता टार्गेट सांगायचं, त्यातले दोघं तर मला मशीन शिकवणारे, त्यांना "काका जरा लवकर" म्हणायलाही जीभ रेटत नाही. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे डबल मिळतो, म्हणजे पैशाचं रडगाणं नाही, तरी शिफ्ट सुटायच्या अर्धा तास आधीच सगळे हात पुसायला लागतात.

मागच्या आठवड्यात रिजेक्शन (बाद होणारे पार्ट) वाढलं तर मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर एका काकांवर ओरडले, नंतर कळलं इन्सर्टच (मशीनचं कापणारं पातं) झिजलेलं, त्यांची चूक नव्हतीच. तेव्हापासून काका माप तपासायच्या गेजला हात लावत नाहीत, "साहेबाला विचार" एवढंच. मी तेव्हा गप्प बसलो, हेच जास्त खटकतंय. आधी काकांशी बोलू की साहेबांशी? इन्सेंटिव्ह माझ्या हातात नाही, फार तर चहा पाजू शकतो.

असं प्रमोशन घेतलेल्यांनी काय केलं ते सांगा. मोटिव्हेशनल व्हिडिओ सुचवू नका प्लीज, एचआरने दाखवून झालाय, निम्मे झोपले होते.