पावसाळाभर उभी गाडी, सेल्फ फिरतो पण स्टार्ट होत नाही

गावची गाडी, १९९६ ची कार्बोरेटरवाली, जूनपासून ताडपत्रीखाली उभी होती. बॅटरी चार्ज करून आणली, आता सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन काही पकडत नाही, काय बघू?

गॅरेजवाला_भाऊ: सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी सोडा. एक स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) काढा, त्याच्या वायरीच्या कॅपात घालून बॉडीला टेकवा नि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, पेट्रोलपासून लांब हं. निळी ठिणगी आली तर करंट ठीक, मग पेट्रोलकडे वळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मोटर जळते.

कोकणकर: आधी बॉनेट उघडून वायरी बघा हो, उंदरांनी खाल्ल्या असतील! आमच्याकडे दरवर्षीचंच.

प्रश्नकर्ता: वायरी शाबूत. ठिणगी निळी येतेय, प्लग मात्र कोरडा.

गॅरेजवाला_भाऊ: मग पेट्रोल पोचतच नाहीये. कार्बोरेटरच्या वाटीतलं उडून गेलं असणार, खाली चिकट थर बसतो नि वाटीत पेट्रोल सोडणारी सुई अडकते. टाकीतलं जुनं काढून ताजं घाला, फिल्टर बदला, तरी नाही झालं तर कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ करा. धक्का मारून उपयोग नाही, उगाच शेजाऱ्यांना कामाला लावाल.