पंपरूममधली पाल नवीन जातीची असेल तर नाव कोण ठेवतं?

दिंडोशीची_मृणाल

आमची सोसायटी गोरेगाव पूर्वेला. मागची भिंत संपली की आरेचं रान. पंपरूमच्या दारावरच्या ट्यूबलाइटपाशी गेले आठ दिवस एक पाल येऊन बसते. स्वयंपाकघरातली पिवळसर, गुळगुळीत पाल मला चांगली ठाऊक आहे, तिच्याशी रोजचं भांडण आहे. ही तशी नाही. मातकट रंग, काळपट ठिपके आणि पाठीवर रव्यासारखे दाणे. आमच्या आठवीतल्या चिरंजीवांनी जाहीर केलंय की ही नवीन प्रजाती आहे आणि तिला आजीचं नाव द्यायचं. (आजी म्हणजे माझ्या सासूबाई, शालिनी.) बरणी घेऊन खाली निघाला होता, जिन्यात अडवला. असं खरंच कुणी शोधतं का? आणि नवीन आहे हे ठरवतं कोण?

पाल्हाळीक

मृणालताई, आधी ती बरणी जागेवर ठेवायला सांगा. रानातला नमुना घ्यायचा तर संशोधकांनाही वनखात्याची लेखी परवानगी काढावी लागते. फोटो हवे तेवढे काढू दे.

वर्णनावरून ही ठिपकेवाल्या खरखरीत पालींपैकी वाटते, आणि याच गटाने भल्याभल्यांना चकवलंय. ग्रे नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८४५ मध्ये 'हेमिडॅक्टिलस ब्रूकी' असं नाव दिलं. पुढे भारतात अशी कुठलीही पाल दिसली की लोक 'ब्रूकी' म्हणून मोकळे. मधल्या काळात १८८४ साली मरे नावाच्या अभ्यासकाने एका पालीला ग्लीडो या दुसऱ्या अभ्यासकाचं नाव दिलं. ग्लीडोंनी १८८७ मध्ये डांगातल्या पालीला मरेंचं नाव देऊन परतफेड केली, तीही आपल्या मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात. अहो रूपम् अहो ध्वनिः! पुढे ही दोन्ही नावं ब्रूकीच्या पोटात गडप झाली. ती अलीकडे खवले मोजून आणि जनुकं ताडून पुन्हा बाहेर काढावी लागली. त्यामुळे नवीन वाटलेली पाल पुष्कळदा जुनीच निघते, कुणीतरी विसरलेली. आधीची सगळी नावं एकेक करून खोडून काढायची, खरी हमाली ती.

ती हमाली मी दोन वर्षं एका प्रकल्पात केली आहे. स्पिरिटमधली पाल उताणी धरायची. नराच्या मांडीखाली बारीक छिद्रांची रांग असते, आत मेणासारखं काहीतरी भरलेलं. रांग सलग जाते की मधे खंड पडतो, खंडात खवले किती, हे मायक्रोस्कोपखाली टाचणीच्या टोकाने मोजायचं. पहिल्या दिवशी एकाच पालीची माझी तीन वेगवेगळी उत्तरं आली. एकदा तर चौदाव्या छिद्रावर चहावाला आला. या पालींच्या माद्यांना छिद्रं नसतात, मग बोटांखालच्या पट्ट्या मोजा. स्पिरिटमध्ये रंगही उडतो, म्हणून जिवंतपणीचा फोटो नसेल तर अर्धी लढाई तिथेच हरलात.

एवढं करून वेगळी ठरलीच तर एक नमुना त्या नावाचा धनी म्हणून संग्रहालयात ठेवतात, त्याला होलोटाइप म्हणतात. मग वर्णन शास्त्रीय नियतकालिकात छापायचं. शिक्का मारणारी समिती वगैरे नसते. छापण्याआधी जाणकार तपासतात, आणि पुढे कुणी चूक दाखवली की तुमचंही नाव असंच एखाद्या जुन्या नावाच्या पोटात.

आजीचं नाव चालतं. बाईच्या नावाला लॅटिन 'ए' जोडतात, म्हणजे 'शालिनीए'. गावावरून ठेवलं तर 'एन्सिस', जशी साताऱ्याची 'हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस' (२००८). तुमच्याच भिंतीपलीकडच्या आरेवरून एका विंचवाचं नाव आहे, 'लायकस आरेयेन्सिस' (२०१०). तेव्हा चिरंजीव अगदीच हवेत नाहीत. माझं लाडकं नाव मात्र 'सराडा'. गळ्याला पंखा असलेल्या काही सरड्यांचा २०१६ मध्ये वेगळा गट केला आणि त्याला सरळ मराठी शब्द लावला. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या खाली नर दगडावर चढतो आणि निळा-काळा-केशरी पंखा फुलवतो. मी तिथे उन्हात पोटावर पडून अर्धा तास बघत बसलो होतो, कोपरं सोलली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याची लॅटिनपर्यंत गेली.

नाहूरचा_नाना

प्रजाती की जाती यावर इथे भांडण सुरू व्हायच्या आत सांगतो, ताई, रात्री आवाज ऐका. मोठ्याने चुक-चुक-चुक ऐकू आलं आणि शेपटीवर काट्यांच्या ओळी असल्या तर ती 'हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस', १८३६ पासून नोंदलेली. मुंबईत पैशाला पासरी.

दिंडोशीची_मृणाल

नाना, काल अर्धा तास उभी राहिले. पंपाच्या घरघरीत पालच काय, वॉचमनची हाकही ऐकू आली नाही. माप कळावं म्हणून शेजारी कंगवा धरून फोटो काढलाय, खाली टाकते.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "नको गं बाई. उद्या कुठे पाल चुकचुकली की कृष्ण कृष्ण म्हणायचं सोडून लोक म्हणतील, शालिनी बोलली."

पाल्हाळीक

आजींना नमस्कार सांगा. कंगवा सुरेख आलाय, पाल अर्धी पाइपमागे आहे. टॉर्च बाजूने धरून पुन्हा काढा, आणि पुढच्या पायाची बोटं दिसू देत.