उत्तर: बोटीचा हिशेब आणि अडलेला कान

मालदीवला स्कूबा डाइव्हिंगसाठी जायचं तर राहायची सोय असलेली डाइव्हिंगची बोट घ्यावी की रिसॉर्ट, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की दर डाइव्हमागे (म्हणजे टाकी लावून मारलेल्या एका बुडीमागे) बघितलं तर बोटच स्वस्त पडते. ते गणित म्हणून बरोबर आहे. पण त्यात सगळ्या डाइव्ह होणारच, असं धरलंय. मी सात रात्रींची बोट घेतली होती, दिवसाला तीन डाइव्ह. दुसऱ्याच दिवशी सर्दी झाली आणि पाण्याच्या दाबाने दडा बसलेला डावा कान काही केल्या मोकळा होईना. चार मीटरवरच आत दाभण टोचल्यासारखं झालं, मुकाट्याने वर आलो. पुढचे दोन दिवस बाकीची मंडळी धोणीत बसून जायची (तिकडे टाक्या, कॉम्प्रेसर वगैरे या वेगळ्या छोट्या बोटीवर असतात) आणि मी डेकवर त्यांचे ओले सूट वाळताना बघत बसायचो. पैसे आधीच भरलेले. त्यात विमानाआधी 18 तास पाण्याबाहेर राहायचं, म्हणजे शेवटचा दिवस तसाही कोरडाच.

बोट की रिसॉर्ट एवढ्यावरच चर्चा चाललीय, पण धिगुरासारख्या स्थानिक बेटावरचं गेस्टहाउस कुणीच धरलं नाही. ते बेट ज्या दक्षिण आरी प्रवाळबेटांच्या समूहात आहे तिथे व्हेल शार्क वर्षभर दिसतात, डाइव्हचे पैसे केली तेवढ्याचेच, आणि कान रुसला तर किनाऱ्यावर फिरता तरी येतं. बिअर मात्र मिळणार नाही, स्थानिक बेटांवर दारूबंदी आहे. नुकतंच ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला कोर्स) केलेल्यांनी तर आधी हेच बघावं. बोटी ज्या चॅनेलमध्ये (प्रवाळांच्या कड्यामधल्या खिंडीत) उतरवतात तिथला प्रवाह चांगलाच ओढतो.