एन्सेम्बलचा बायस काढला, तरी ७० टक्के म्हटलेला पाऊस निम्म्या वेळाच पडतो

ढगाळ_मन

युरोपीय हवामान केंद्राच्या (ECMWF) ५१ मेंबरच्या एन्सेम्बलचा, म्हणजे किंचित वेगवेगळे चालवलेल्या ५१ अंदाजांच्या संचाचा, ओपन डेटा घेऊन काही स्टेशनांसाठी पुढच्या पाच दिवसांचे शक्यतेचे अंदाज काढतोय, तापमान आणि पाऊस दोन्ही. आधी निरीक्षणं साफ केली: सरासरीपासून तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पलीकडचं सगळं उडवलं. मग तापमानासाठी दोन वर्षांची सरासरी चूक काढून ती प्रत्येक मेंबरमधून वजा केली. पावसाला क्वांटाइल मॅपिंग लावलं, म्हणजे अंदाजांचं वितरण निरीक्षणांच्या वितरणावर बसवलं.

सरासरी बायस (एकाच दिशेने होणारी चूक) आता जवळजवळ शून्य आहे. पण तापमानाचा रँक हिस्टोग्राम (खरी नोंद मेंबरांच्या चढत्या क्रमात कितव्या जागी पडली याचा आलेख) अजून यू आकाराचाच, दोन्ही टोकं उंच आणि मधे खड्डा. पावसात ७० टक्के म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा पडतो. मोठ्या पावसाचं तर विचारूच नका. स्प्रेड (मेंबरांमधला पसारा) कमी पडतोय हे उघड आहे, मग त्याला सरळ दीडने गुणू का? की डेटा आणखी कडक चाळू?

पॉइंट_दोन

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

तीन सिग्माचा (स्टँडर्ड डेव्हिएशनचा) नियम पावसाला लावलात? अहो, पावसाच्या आकड्यांत बहुतेक शून्यं असतात आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट. तुमच्या चाळणीतून शून्यं सगळी सुखरूप सुटली आणि उडाला तो खराखुरा मुसळधार पाऊस. ट्रेनिंगमध्ये, म्हणजे दुरुस्ती ज्या जुन्या डेटावर बसवता त्यात, जो पडलाच नाही तो अंदाजात कुठून येणार?

पावसाच्या नोंदींत संशय घ्यायचा तो आधी शून्यांचा. टिपिंग बकेटच्या (छोटं भांडं भरून कलंडलं की पाऊस मोजणाऱ्या यंत्राच्या) नरसाळ्यात पान किंवा कोळ्याचं जाळं अडकलं की यंत्र शांतपणे शून्य लिहीत राहतं, आणि रेंज चेक (आकडा शक्य मर्यादेत आहे का ही चाचणी) त्याला बिनदिक्कत पास करतो, कारण शून्य मिमी हे उत्तर वैधच आहे. पूर्ण तुंबलेलं यंत्र शेजारच्या स्टेशनांशी ताडून पाहिलं की सापडतं. अर्धवट तुंबलेलं जास्त पाजी. त्याची एकूण बेरीज साधारण बरोबर येते, त्यामुळे ते कुठल्याच चाचणीत अडकत नाही. त्यासाठी पाच-पाच मिनिटांचा डेटा उघडा. शेजारी जोराची सर येऊन गेली, आभाळ मोकळं झालं, आणि हे महाशय मात्र रात्रभर ०.२, शून्य, शून्य, ०.२ अशी जपमाळ ओढत बसलेत. नरसाळ्यात साठलेलं पाणी झिरपतंय, दुसरं काही नाही. मधेच दिवसाची सीमा आली की आजचा पाऊस उद्याच्या खात्यात जातो आणि तुमचा बरोबर आलेला अंदाज दोन्ही दिवशी चुकीचा ठरतो.

सीमेवरून आठवलं. अंदाजाचे २४ तास आणि नोंदीचे २४ तास एकच आहेत ना? मॉडेल यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, पर्जन्यमापकाचं वाचन बरेचदा सकाळचं असतं, आणि काही ठिकाणी त्यावर तारीख मोजणी संपल्याची टाकतात, काही ठिकाणी सुरू झाल्याची. हे आधी तपासा, फुकटात होतं.

आता तापमानाचा यू. दोन वर्षांची मिळून एकच सरासरी काढलीत, तिथे गोम आहे. समजा मॉडेल हिवाळ्यात दोन अंश जास्त दाखवतं आणि उन्हाळ्यात दोन अंश कमी. वर्षाची सरासरी चूक शून्य आली, पण हिवाळ्यातली निरीक्षणं सगळी डाव्या टोकाला आणि उन्हाळ्यातली उजव्या टोकाला जमली. स्प्रेड अगदी योग्य असला तरी यू दिसणारच. टॉम हॅमिल यांनी २००१ साली 'मंथली वेदर रिव्ह्यू'मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. तेव्हा ऋतू, दिवसाचा तास आणि लीड टाइम (अंदाज किती पुढचा आहे ते) वेगवेगळे करून हिस्टोग्राम काढा. शिवाय निरीक्षणाचीही स्वतःची चूक असते, आणि एका ठिकाणचा थर्मामीटर म्हणजे मॉडेलच्या ग्रिडचा (जाळीचा) अख्खा चौकोन नव्हे. त्या चुकीइतका रँडम आवाज मेंबरांत मिसळून मग रँक मोजा, यू आणखी सपाट होतो. आधीच दीडने गुणलं असतंत तर थर्मामीटरचं पाप मॉडेलच्या माथी गेलं असतं.

यानंतरही स्प्रेड कमी वाटला तर ईमॉस (EMOS, एन्सेम्बलची सांख्यिकी दुरुस्ती) वापरा. ग्नायटिंग, राफ्टरी आणि सहकाऱ्यांची २००५ची पद्धत. सरासरी म्हणजे अ अधिक ब गुणिले एन्सेम्बलची सरासरी, व्हेरिअन्स म्हणजे क अधिक ड गुणिले एन्सेम्बलचा व्हेरिअन्स, आणि हे चार आकडे सीआरपीएस (CRPS, शक्यतेचा अख्खा अंदाज नोंदीपासून किती दूर याचं माप) कमीत कमी येईल असे बसवायचे. तुमच्या दीडमध्ये आणि यात फरक असा, की इथे स्प्रेडला खरोखर काही कळतंय का हे डेटाच सांगतो. ड शून्याजवळ आला तर समजायचं, त्या स्टेशनवर स्प्रेड बघून काही उपयोग नाही.

क्वांटाइल मॅपिंगबद्दल माझं मत वाईट आहे. अंदाज आणि नोंद एकमेकांबरोबर चालतात का, हे ते बघतच नाही. उद्या फासे टाकून आकडे काढलेत तरी त्यांचं वितरण ते निरीक्षणांसारखं करून देईल. हवामानबदलाच्या प्रोजेक्शनमध्ये ठीक आहे, तिथे तारखेला तारीख जुळवायचीच नसते. पावसाला शून्यावर कापलेलं गॅमा वितरण घ्या.

काठावरचा

एवढ्या खटाटोपाची गरज आहे का? ५१ पैकी किती मेंबर पाऊस दाखवतायत ते मोजा, टक्के काढा, मोकळे व्हा.

पॉइंट_दोन

मोजा की. पण ओपन डेटाचा ०.२५ अंशांचा चौकोन विषुववृत्तावर २८ किमीच्या आसपास जातो, आणि पर्जन्यमापकाचं तोंड वीतभर. चौकोनात कुठेतरी पडलं तरी मेंबर ओला. त्यातून मॉडेलांना रिमझिमीची हौस भारी. ७० टक्क्यांचे निम्मे होतात ते बरंचसं इथेच. मात्र एक कबूल: ट्रेनिंगमध्ये न वापरलेल्या काळावर ब्रायर स्कोअर (टक्केवारीच्या अंदाजाची चूक मोजणारा आकडा) कच्च्या अंदाजापेक्षा सुधारला नाही, तर दुरुस्ती खुशाल फेकून द्या.

जुना_लॉग

दोन वर्षं कोणती, हे कुणी विचारलंच नाही. जून २०२३ मध्ये या एन्सेम्बलचं रेझोल्यूशन सुमारे १८ किमीवरून ९ वर आलं. ओपन डेटाही २०२४च्या सुरुवातीपर्यंत ०.४ अंशांवर मिळायचा. तुमची वर्षं या तारखांच्या दोन्ही बाजूंना पसरली असतील तर तुम्ही दोन वेगळ्या मॉडेलांच्या बायसची सरासरी काढताय.

ढगाळ_मन

सगळ्यांचे आभार. वर्षं तशीच पसरली होती, जुना भाग काढला. ऋतू आणि तास वेगळे केल्यावर खड्डा बराच भरला. उजवं टोक मात्र अजून उंच आहे, आणि ते जवळपास सगळं एकाच स्टेशनच्या दुपारच्या नोंदींचं आहे. ते स्टेशनच वगळू? की अंदाजापासून फार लांब असलेल्या नोंदी तेवढ्या उडवू?

पॉइंट_दोन

दुसरं अजिबात करू नका. ज्या अंदाजाची परीक्षा घ्यायची त्यालाच पेपर तपासायला दिल्यासारखं होईल. डेटा असिमिलेशनमध्ये (मॉडेलची सुरुवातीची स्थिती ठरवायला निरीक्षणं मिसळतात त्यात) मॉडेलशी ताडून नोंदी नाकारतात, पण तिथे हेतू वेगळा असतो. तुमच्याकडे मॉडेल जिथे सपशेल चुकलं नेमके तेच दिवस गायब होतील आणि स्कोअर छान दिसेल.

आणि उडवू तर काहीच नका, फ्लॅग लावा, म्हणजे नोंद ठेवून तिच्यावर संशयाची खूण करा. ओझोनच्या छिद्राची गोष्ट लोक अर्धवट सांगतात, की उपग्रहाने फार कमी आकडे फेकून दिले म्हणून ते दिसलं नाही. प्रत्यक्षात १८० डॉब्सन युनिटच्या (ओझोन मोजण्याचं एकक) खालच्या नोंदींना फ्लॅग लागला होता, त्या शाबूत होत्या. १९८५ मध्ये जमिनीवरच्या मोजणीतून छिद्र जाहीर झाल्यावर त्याच नोंदींनी त्याची व्याप्ती दाखवली.

तुमच्या स्टेशनबद्दल: दुपार आणि उजवं टोक म्हटल्यावर मला रेडिएशन शील्डचा (थर्मामीटरला उन्हापासून वाचवणाऱ्या आवरणाचा) संशय येतो. त्या नोंदी वाऱ्याच्या वेगाप्रमाणे वेगळ्या करा. निरभ्र दुपारी वारा पडला की तफावत वाढते आणि वारा सुटला की मिटते, असं दिसलं तर सेन्सर उन्हाने तापतोय. मग तेवढ्याच नोंदींना फ्लॅग लावा, रात्रीच्या बिनधास्त वापरा. वाऱ्याशी काहीच संबंध दिसला नाही तर आधी स्टेशनची खरी उंची आणि मॉडेलच्या ग्रिडची उंची शेजारी-शेजारी लिहा आणि इथे टाका, पुढचं मग बघू.