युजर ग्रुपमध्ये माणसं टिकतात कशाने, चांगल्या लेक्चरने की हातात दिलेल्या कामाने?

खटपट्या:
आमचा लिनक्स युजर ग्रुप, म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांचा गट, सगळा स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. यादीत नावं भरपूर पण मीटिंगला तेच आठ-दहा चेहरे. माझं मत, लेक्चरं कमी करा, आलेल्याला काम द्या. मागच्या इन्स्टॉल फेस्टला (लोकांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्यायचा कार्यक्रम) एक मुलगी पहिल्यांदाच आलेली, कोपऱ्यात गप्प बसली होती, तिला म्हटलं प्रत्येक लॅपटॉपचं मॉडेल, वायफाय लागलं का, आवाज येतो का, एवढं वहीत लिहून घे. तिसऱ्या-चौथ्या लॅपटॉपला तीच पुढे होऊन विचारायला लागली, बॅकअप घेतलाय ना? पुढच्या महिन्यात न बोलावता हजर!

निशाचर:
अजिबात पटलं नाही. काम गळ्यात पडेल म्हणूनच लोक फिरकत नाहीत. मी एका ग्रुपची वेबसाइट "थोडे दिवस" सांभाळायला घेतली, दोन वर्षं कोणी सोडवायला आलं नाही, शेवटी मीटिंगला जाणंच बंद केलं. आणि नुसतं ऐकणारा सदस्य नाही का? वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने २००६ मध्ये ऑनलाइन समुदायांबद्दल लिहिलंय की साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, १ टक्का बाकी सगळा भार उचलतो. त्या ९० जणांना का छळायचं?

जुनी_फ्लॉपी:
दोघंही लेक्चर आणि काम यातच अडकलात. कॅलिफोर्नियातला हौशी कॉम्प्युटरवाल्यांचा होमब्रू कॉम्प्युटर क्लब मार्च १९७५ मध्ये एका गॅरेजमध्ये सुरू झाला आणि १९८६ पर्यंत चालला, तिथे मीटिंगचा एक भाग असा की ज्याला जे हवंय किंवा जे देता येतंय ते त्याने उभं राहून सांगायचं, मग "रँडम अ‍ॅक्सेस", म्हणजे ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने त्याला गाठायचं. अ‍ॅपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या वॉझ्नियॅकने आपला कॉम्प्युटर अ‍ॅपल-१ तिथेच लोकांना दाखवला. आपल्याकडे लेक्चर संपलं की लगेच खुर्च्या उचलायला घेतात, गप्पा व्हायच्या कधी?

खटपट्या:
@निशाचर, वेबसाइटचं वाचून वाईट वाटलं, चूक ग्रुपचीच. काम देताना ते कधी संपणार आणि पुढे कोण घेणार हे तेव्हाच ठरायला हवं. पण ऐकणाऱ्याला एकदाही काही विचारायचं नाही हे मला मान्य नाही, तो यायचा थांबला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

निशाचर:
मुदत ठरवा, मग माझी निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी अशी की नवीन माणसाने साधा प्रश्न विचारला की "मॅन पेज वाच" (म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका वाच) म्हणून वाटेला लावतात. ते आधी थांबवा, कामाचं नंतर बघू.