मदत हवी आहे: ईआरपीएस रिंगचा एकच स्पॅन (दोन स्विचमधला दुवा) तुटल्यावर साडेतीन सेकंद खातो

राजारामपुरी, शाहूपुरी, रंकाळा, कसबा बावडा, उचगाव अशी पाच स्विचची १०जी रिंग, प्रोटोकॉल जी.८०३२, म्हणजेच ईआरपीएस: एक दुवा तुटला की ट्रॅफिक रिंगच्या दुसऱ्या बाजूने वळवणारा. गार्ड टायमर (जुने रिंग-संदेश दुर्लक्षित करायचा वेळ) ५०० मिलिसेकंद, डब्ल्यूटीआर (दुरुस्तीनंतर मूळ मार्गावर परतण्याआधीची वाट) ५ मिनिटं, होल्ड-ऑफ (बिघाड कळवण्याआधीची वाट) शून्य. रिंग पोर्टवर एसटीपी (लूप टाळणारा वेगळा प्रोटोकॉल) बंदच आहे, पहिला प्रश्न तोच येणार म्हणून आधीच सांगितलं.

चार स्पॅनवर फायबर काढली की ट्रॅफिक ५० मिलिसेकंदांत वळतो. बावडा–उचगाव मात्र अडतो. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (सिग्नल एका माध्यमातून दुसऱ्यात बदलणारा डबा) आहे. फायबर तुटली तरी स्विचच्या पोर्टचा दिवा हिरवाच. बिघाड कळतो तो फक्त सीसीएमवरून (स्विच एकमेकांना ठराविक वेळाने पाठवतात ते ‘दुवा चालू आहे’ संदेश), आणि ते १ सेकंदाला एक. साडेतीन पट वेळ संदेश आला नाही की बिघाड धरला जातो, हिशेब जुळतो. ३.३३ मिलिसेकंद केलं की सीपीयूला झेपत नाही, खोटे फेल्युअर येऊन रिंग सारखी पलटते.

कन्व्हर्टर काढून एलआर एसएफपी (१० किलोमीटरपर्यंतचा ऑप्टिकल मॉड्यूल) थेट लावून पाहिला: रिसिव्ह −१३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), किमान मर्यादा −१४.४. पाठवतोय −३, म्हणजे १० डीबी घट. ८ किलोमीटरला फायबरची जेमतेम ३. कनेक्टर पुसून झाले.

ओटीडीआर (फायबरमध्ये घट कुठे होते ते दाखवणारं यंत्र) १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हीवर मारणार आहे. १५५० वर जास्त घट दिसली तर वाकलेली फायबर धरायची ना? की थेट ईआर (जास्त अंतराचा एसएफपी) लावून मोकळं व्हावं? आणि एवढ्या कमी मार्जिनवर रिंग चालवलीय का कोणी?