टीव्हीवर न दिसणारा अर्धा तास
'सामना टीव्हीवरच चांगला दिसतो' असं काहींचं म्हणणं असतं, पण ओहायो स्टेट या अमेरिकी विद्यापीठाच्या संघाच्या अमेरिकन फुटबॉलपुरतं तरी मला ते पटत नाही. लाखावर माणसं मावणाऱ्या ओहायो स्टेडियममध्ये किकऑफच्या, म्हणजे सामना सुरू होण्याच्या, अर्धा तास आधी जागेवर बसा. उत्तरेकडच्या रॅम्पवरून विद्यापीठाचा बँड उतरतो. १९३६पासून हा बँड चालता चालता मैदानावर इंग्रजीत 'Ohio' ही अक्षरं काढतो. शेवटी सूझाफोन हे अंगाभोवती घ्यायचं मोठं पितळी वाद्य वाजवणारा ऐटीत जाऊन 'i'वरचा टिंब होतो, टोपी काढून पार कमरेत वाकतो. काय गलका होतो तेव्हा!

तिकीट काढताना ए डेकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मजल्याच्या, अगदी खालच्या रांगा टाळा, कडेला उभे खेळाडू आड येतात. बी डेकच्या मागच्या रांगांत वरच्या मजल्यामुळे उंच किक आणि स्कोअरबोर्ड झाकला जातो. सगळ्यात वरचा सी डेक लांब खरा, पण अक्षरं नीट वाचायची तर तिथूनच.